मुलांचे ‘फॅटी लिव्हर’ : आधी टेप, मग रक्त, नंतर सोनोग्राफी

पोट दुखते म्हणून सोनोग्राफी केली आणि अहवालाच्या शेवटी ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ अशी ओळ निघाली, यात मोठ्या माणसांना आता नवल वाटत नाही. पण हीच ओळ दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या अहवालात येते तेव्हा घरचे गोंधळतात. कुणी घाबरून यकृताचे टॉनिक सुरू करते, तर कुणी ‘ग्रेड एकच तर आहे, खात्यापित्या घरचे लेकरू आहे’ म्हणून कागद कपाटात ठेवून देते.

दोन्ही चुकीचे आहे. ती ओळ म्हणजे यकृतात काय दिसले याची नोंद आहे. ते का झाले, किती गंभीर आहे आणि आजार नेमका कोणता, हे ती सांगत नाही. निदान त्यानंतर करायचे असते आणि आपल्याकडे नेमके तेच राहून जाते.

एकच ओळ, तीन मुले

तीन मुलांची कल्पना करा. पहिला जळगाव शहरातला अकरा वर्षांचा मुलगा. वजन जास्त, पोट सुटलेले, मानेवर काळपट पट्टा. दुसरी धुळ्याजवळच्या गावातली तेरा वर्षांची सडपातळ मुलगी. तिला थकवा येतो आणि अलीकडे तिचे अक्षर बिघडले आहे. तिसरे सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातल्या पाड्यावरचे दोन वर्षांचे बाळ. पायावर सूज, केस विरळ, अंगात त्राण नाही.

तिघांचीही सोनोग्राफी केली तर यकृतात चरबी दिसू शकते. पहिल्याचे कारण चयापचयातला बिघाड असण्याची शक्यता जास्त. दुसरीला विल्सन्स डिसीज, म्हणजे शरीरात तांबे साचवणारा आनुवंशिक आजार असू शकतो. तो वेळेत ओळखला तर औषधाने आटोक्यात राहतो, सुटला तर जिवावर बेततो. तिसऱ्याला सूज असलेले तीव्र कुपोषण आहे. प्रथिने आणि पोषण कमी पडल्यानेही यकृतात चरबी साचते.

पहिल्याला साखर कमी करायला सांगायची, दुसरीला आयुष्यभराचे औषध द्यायचे आणि तिसऱ्याला तातडीने दवाखान्यात नेऊन नीट खाऊ घालायचे. तिघांना एकच ‘फॅटी लिव्हर’ची चिठ्ठी आणि ‘तेलकट बंद करा’ हा एकच सल्ला दिला, तर दोघांचे नुकसान ठरलेले. म्हणून व्याख्येचा प्रश्न पुस्तकी नाही.

व्याख्या काय आहे आणि ती का बदलली?

यकृताच्या पाच टक्के किंवा अधिक पेशींमध्ये चरबीचे थेंब दिसले, तर यकृतात चरबी साचली असे मानतात. दारू न पिणाऱ्यांच्या यकृतातही दारूड्याच्या यकृतासारखीच सूज दिसते, हे अमेरिकेत १९८० मध्ये मांडले गेले. स्थूल मुलांमधली तशीच सूज १९८३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. पुढे या आजाराला ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर डिसीज’ म्हणू लागले.

या नावात मोठी अडचण होती. आजार काय ‘नाही’ एवढेच ते सांगत होते. आठ वर्षांच्या मुलाच्या आजाराच्या नावात दारूचा उल्लेख कशाला, हा प्रश्नही होताच. म्हणून २०२३ मध्ये अमेरिका, युरोप आणि लॅटिन अमेरिकेतील यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून नाव बदलले. नवे नाव ‘मेटाबॉलिक डिसफंक्शन असोसिएटेड स्टीटॉटिक लिव्हर डिसीज’, थोडक्यात एमएएसएलडी. चयापचयाच्या बिघाडातून यकृतात साचलेली चरबी, असा त्याचा अर्थ.

मुलांसाठी नवी व्याख्या अशी : यकृतात चरबी असल्याचे तपासणीत दिसले पाहिजे आणि सोबत पुढील पाचपैकी किमान एक गोष्ट असली पाहिजे.

१. वय आणि लिंगाच्या तुलनेत बीएमआय ८५व्या पर्सेंटाइलवर किंवा त्याहून अधिक, किंवा कमरेचा घेर ९५व्या पर्सेंटाइलच्या वर.

२. उपाशीपोटी रक्तातली साखर १०० किंवा अधिक, ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी १४० किंवा अधिक, एचबीए१सी ५.७ टक्के किंवा अधिक, किंवा आधीच टाइप २ मधुमेह.

३. वयाच्या मानाने वाढलेला रक्तदाब. तेरा वर्षे आणि त्यापुढे १३०/८५ किंवा अधिक.

४. ट्रायग्लिसराइड दहा वर्षांखालील मुलात १०० किंवा अधिक, दहा वर्षांपासून पुढे १५० किंवा अधिक.

५. एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, ४० किंवा कमी.

पर्सेंटाइल हा शब्द अवघड वाटायला नको. एकाच वयाची शंभर मुले कमी ते जास्त अशी रांगेत उभी केली, तर ८५व्या जागेवरचे माप म्हणजे ८५वे पर्सेंटाइल. मूल वाढत असते, म्हणून मोठ्यांसारखा एकच आकडा त्याला लावता येत नाही.

या यादीतली पहिली कसोटी पुन्हा वाचा. तिला प्रयोगशाळा लागत नाही. वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि शिंप्याकडे असतो तसला टेप एवढ्यात ती होते. माझे म्हणणे असे, की खान्देशात मुलांच्या या आजाराचा शोध याच टेपपासून सुरू व्हायला हवा.

पण टेपवर आकडा कोणता धरायचा?

इथे भारतीय मुलाची गोष्ट वेगळी आहे आणि ती महाराष्ट्रातूनच जगाला कळली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांत गरोदर महिला आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडच्या साउदम्प्टनमधील बाळे ३.५ किलोची. इथल्या बाळांचे स्नायू कमी होते, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. ‘थिन-फॅट’, म्हणजे दिसायला बारीक पण आतून चरबीचे बाळ, ही संकल्पना यातून पुढे आली.

म्हणजे हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढे, असे मूल आपल्याकडे ‘बारीकच आहे’ या खात्यात जाते. वजनाच्या तक्त्यावर ते सुटते, कमरेच्या टेपवर सापडते.

म्हणूनच इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०१५ च्या वाढ-तक्त्यांत पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी बीएमआयच्या वेगळ्या रेषा आखल्या आहेत. प्रौढ वयातल्या २३ आणि २७ या बीएमआयशी त्या जोडलेल्या आहेत. पुण्यातीलच संशोधकांनी भारतीय मुलांच्या कमरेच्या घेराचे तक्ते २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. चयापचयाचा धोका ओळखण्यासाठी त्यांनी ७०वे पर्सेंटाइल सुचवले. जागतिक व्याख्या मात्र ९५व्यावर थांबते. या दोन रेषांच्या मधली मुले आपलीच आहेत. परदेशी रेषा जशीच्या तशी लावली तर ती सुटून जातील.

‘ग्रेड’ वाचून निर्णय का घेऊ नये?

सोनोग्राफी स्वस्त आहे, वेदना नाही, किरणोत्सर्ग नाही. तरीही उत्तर अमेरिकेतील बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले, की मुलांमधला हा आजार शोधण्यासाठी किंवा त्याची पातळी ठरवण्यासाठी सोनोग्राफी वापरू नये.

कारण सोपे आहे. यकृतात साधारण २० ते ३० टक्क्यांहून अधिक चरबी साचेपर्यंत सोनोग्राफीत ती नीट दिसत नाही. व्याख्या मात्र पाच टक्क्यांपासून सुरू होते. मधली मुले ‘नॉर्मल’ ठरतात. शिवाय ग्रेड १, २, ३ हे यकृत पडद्यावर किती पांढरे दिसते त्याचे वर्णन आहे. ते मशिनवर आणि पाहणाऱ्याच्या नजरेवरही अवलंबून असते. यकृताला सूज आहे का, त्यात घट्ट धागे, म्हणजे फायब्रोसिस, तयार होत आहे का, हे त्यातून कळत नाही. ग्रेड १ म्हणजे धोका नाही आणि ग्रेड ३ म्हणजे यकृत गेले, हे दोन्ही समज खोटे आहेत.

सोनोग्राफीचा उपयोग आहे. पित्ताचे खडे, गाठ, वाढलेली प्लीहा अशा गोष्टी तिच्यात कळतात. टेप आणि रक्ततपासणीत संशय आल्यावर ती पुरावा म्हणून कामी येते. फायब्रोस्कॅन यकृताचा घट्टपणा सांगते. एमआरआयच्या खास तंत्राने चरबीचे प्रमाण अचूक मोजता येते, पण ती महागडी तपासणी आहे. यकृताचा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, मोजक्याच मुलांना लागते.

एसजीपीटी ‘नॉर्मल’, म्हणजे खरेच नॉर्मल?

रक्ताची पहिली तपासणी म्हणजे एसजीपीटी, जिला एएलटीही म्हणतात. ती साधी आणि स्वस्त आहे. अडचण तिच्या शेजारी छापलेल्या मर्यादेत आहे.

अनेक प्रयोगशाळांच्या अहवालावर वरची मर्यादा ४० किंवा त्याहूनही जास्त छापलेली असते. ही मर्यादा मोठ्यांसाठीची. २०१७ च्या त्याच सूचनांनुसार निरोगी मुलीसाठी वरची मर्यादा २२ आणि मुलासाठी २६ आहे. म्हणजे बारा वर्षांच्या मुलीचा आकडा ४० आला तर कागदावर तो साध्या अक्षरांत, ‘नॉर्मल’ म्हणून छापला जाईल. प्रत्यक्षात तो तिच्या मर्यादेच्या दुप्पटीजवळ आहे.

वजन जास्त असलेल्या मुलीत ४४ आणि मुलात ५२ किंवा अधिक आकडा तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला, तर पुढचा तपास हवा. ८० च्या वर गेला तर लवकर हवा. ‘तीन महिने’ ही अट महत्त्वाची आहे. पावसाळ्यातली कावीळ, एखादा ताप, एखादे औषध यांनीही हा आकडा तात्पुरता चढतो. एका अहवालावर शिक्का मारायचा नाही. आणि आकडा ठीक आला म्हणजे चरबी नाहीच, असेही नाही.

प्रयोगशाळांनी मुलांच्या अहवालावर मुलांचीच मर्यादा छापावी, ही मागणी जळगाव-धुळ्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी लावून धरायला हवी. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. संगणकातला एक आकडा बदलायचा आहे.

बाकीचे आजार का वगळायचे?

सुरुवातीच्या तीन मुलांतली दुसरी मुलगी आठवा. सडपातळ मुलात चरबीचे यकृत दिसले, आकडा चढाच राहिला, मूल फारच लहान असले किंवा कावीळ, वाढलेली प्लीहा, हाताला कंप अशी लक्षणे असली, तर ‘चरबी आहे’ एवढ्यावर थांबणे धोक्याचे. विल्सन्ससाठी रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन आणि डोळ्यांची तपासणी, हिपॅटायटिस बी व सी, यकृतावर उलटणारी स्वतःचीच प्रतिकारशक्ती, थायरॉइड, गव्हाची अॅलर्जी म्हणून ओळखला जाणारा सिलिअॅक आजार, फिट्सची काही औषधे, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स हे सारे तपासावे लागते. वजन जास्त आहे म्हणून यातले काही नसेल, असेही गृहीत धरता येत नाही.

पितळी भांड्यांनी दिलेला धडा

नेमकी व्याख्या केल्याने काय साधते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. एकेकाळी लहान बाळांचे यकृत निकामी करणारा ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ हा आजार घरोघरी धडकी भरवणारा होता. पुण्याच्या केईएममधील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या बाळांच्या आहाराकडे बारकाईने पाहिले. पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले, साठवलेले दूध आणि बाळाच्या यकृतात साचणारे तांबे यांचा संबंध त्यांनी दाखवून दिला. त्यांचा निबंध १९८३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. भांडी बदलली आणि हा आजार दुर्मीळ झाला.

‘लिव्हर वाढले’ या मोघम शब्दावर सारे थांबले असते, तर दोष भांड्यात आहे हे कळले नसते. आज ‘फॅटी लिव्हर’ हा तसाच मोघम शब्द झाला आहे. आजचे भांडे कोणते, हे शोधायचे तर आधी आजारी मूल नीट ओळखावे लागेल.

किती मुलांना आहे?

दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात भारतीय मुलांतले प्रमाण ३५.४ टक्के निघाले. हा आकडा खूप फिरला. पण त्यात स्थूल मुलांवरचे आणि सर्वसाधारण मुलांवरचे अभ्यास एकत्र केलेले आहेत. वेगळे काढले तर सर्वसाधारण मुलांत १२.४ टक्के आणि स्थूल मुलांत ६३.४ टक्के. म्हणजे प्रत्येक तिसरे मूल आजारी, असा अर्थ काढू नये. मात्र स्थूल मूल समोर आले तर त्याच्या यकृताचा विचार करायलाच हवा.

शाळेतल्या तपासणीत हे का सापडत नाही?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांत जातात. जन्मदोष, पोषणाची कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चार गोष्टी ती पाहतात. मूळ यादीत फॅटी लिव्हर नाही.

दुसरीकडे, केंद्र सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. सुधारित मार्गदर्शक सूचना सप्टेंबर २०२४ मध्ये आल्या. पण या कार्यक्रमाची लोकसंख्येवरची तपासणी तीस वर्षांवरील लोकांची. आशाताई घरी येऊन आईबापांच्या कमरेचा घेर मोजतात आणि फॉर्मवर लिहितात. त्याच घरातल्या बारा वर्षांच्या मुलाच्या कमरेला टेप लागत नाही. टेप आहे, मोजणारी आहे, घरही तेच आहे. फक्त फॉर्मवर रकाना नाही.

जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या दोन संस्था हाताशी आहेत. शाळेत उंची-वजनासोबत कंबर मोजायची. रेषेच्या वर गेलेल्या, नऊ-दहा वर्षांपुढच्या मुलांची एसजीपीटी, साखर आणि चरबीची तपासणी करायची. आकडा टिकून राहिला तर महाविद्यालयाच्या बालरोग विभागात पाठवायचे. एवढी साखळी दोन जिल्ह्यांत उभी करणे अशक्य नाही.

यावर आक्षेप येईल, की राज्यातली पाच वर्षांखालील ३६.१ टक्के मुले कमी वजनाची आहेत, असे २०१९-२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. मग पोट सुटलेल्या मुलांची चिंता आधी का? आक्षेप योग्य आहे, पण निवड एकाचीच करायची नाही. त्याच सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालील जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेले आहे. आणि पोटात असताना व बालपणी कमी पोसलेले मूल पुढे चयापचयाच्या आजारांना जास्त बळी पडते, हेच पुण्याचे संशोधन सांगते. मोजणारा टेप दोघांसाठी एकच आहे.

उपचार काय?

मुलांमधल्या या आजारावर मान्यताप्राप्त खास औषध नाही. यकृताच्या टॉनिकने चरबी उतरते, याला भक्कम पुरावा नाही. साखर कमी करण्याला मात्र पुरावा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत ४० मुलग्यांवर झालेल्या चाचणीत, वरून घातलेली साखर आठ आठवडे जवळपास बंद केलेल्या गटाच्या यकृतातली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. दुसऱ्या गटात ती २१ वरून २० वरच राहिली.

खान्देशच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो, मुले घरात कोंडली जातात आणि तहान कोल्ड्रिंक, सरबताच्या पावडरी आणि पाकीटबंद ज्यूसवर भागते. बदल इथून सुरू करावा. केळे खाऊ द्या, केळीच्या वेफर्सची पिशवी रोज नको. भरीत, गिलके, कळण्याची भाकरी यांत दोष नाही. रोजची तर्रीदार शेवभाजी आणि टीव्हीसमोरची शेव यांत आहे. वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचे नसते. वजन स्थिर राहून उंची वाढली तरी पुष्कळ साधते.

घरी काय पाहावे?

मुलाच्या उंचीएवढी सुतळी कापा. तिची मधोमध घडी घाला आणि कमरेभोवती फिरवा. टोके जुळली नाहीत तर कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, डॉक्टरांना दाखवा. कमरेचा करदोडा वर्षात पुन्हा पुन्हा सैल करावा लागतोय का, पाहा. मानेवरचा काळपट, मखमली पट्टा मळ समजून घासत बसू नका. तो इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकतो. घरात मधुमेह असेल तर लवकर तपासा.

आणि हातात ‘फॅटी लिव्हर’चा कागद आला, तर डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. मुलाचे बीएमआय आणि कमरेचे पर्सेंटाइल किती? एसजीपीटी मुलांच्या मर्यादेशी ताडून पाहिली का? दुसरा आजार नाही, याची खात्री कशी केली? पुन्हा तपासणी कधी?

या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्या ओळीचे निदान झाले असे समजावे. तोवर ती फक्त एक ओळ आहे.